बारा मार्चची दुपार

"काका, ही तारीख पुन्हा बघा बरं." अंतरानं कागद गुरुनाथांपुढे सरकवला.

आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड बंदरातून दोनशे वर्षांपूर्वी निघालेल्या 'एलेन' या शिडाच्या मालवाहू जहाजाची ती रोजनिशी. कप्तान डॉइलनं लिहिलं होतं: बारा मार्च, दुपारी खलाशी डोलकाठीवरून समुद्रात पडला. गुरुनाथांनी तसंच टाइप केलं होतं.

"पण जहाजावरच्या पॅसेंजरचं लेटर आहे आपल्याकडे. त्यात अकरा मार्च आहे. एक तर कॅप्टन खोटं लिहितोय, नाही तर..."

"नाही तर म्हाताऱ्याचे डोळे."

"तसं नाही हो, काका."

तसंच होतं. कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात गुरुनाथांचं आयुष्य गेलं. आता अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या या छोट्या संग्रहालयात जुन्या वह्या टाइप करायचं गुरुवारचं टेबल तेवढं त्यांचं होतं. महिनाभर त्यांच्या पानांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसत होत्या. कोणीतरी मागून तपासत होतं. विचारलं, तर संग्रहालयाचं काम बघणारी अंतरा म्हणाली होती, "रूटीन आहे." आणि स्वयंसेवकांच्या पुढच्या महिन्याच्या यादीत त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं.

"मूळ वही काढ," ते म्हणाले.

अंतरानं पान उघडलं. "बाराच आहे!" तिचा आवाज बदलला. "म्हणजे कॅप्टनच चालू होता. माणूस बुडाला आणि यानं एक दिवस लपवला!"

"थांब. पानावर सगळ्यात आधी काय लिहिलंय?"

"दुपार. मग संध्याकाळ, रात्र... मग पहाट, सकाळ."

"सगळ्या पानांवर?"

तिनं चार पानं उलटली. "हो. पण असं उलटं का?"

"उलटं नाही. माझा जन्म मंगळवारी पहाटे चारचा. शाळेच्या दाखल्यावर मंगळवारची तारीख आहे, आई मात्र शेवटपर्यंत सोमवार सांगायची. का?"

अंतरानं पानावरून मान वर केली. "आजीपण असंच म्हणते. सूर्य उगवेपर्यंत आदलाच दिवस."

"तसा यांचा दिवस भर दुपारी सुरू व्हायचा. सूर्य डोक्यावर आला, त्याची उंची मोजली, की नवी तारीख. आता तूच सांग, आपल्या अकरा तारखेची दुपार यांच्या कुठल्या पानावर?"

"बारा!" ती हसली. "ओ गॉड, म्हणजे दोघंही खरे. सॉरी, काका. खुणा मीच करत होते."

"ठाऊक आहे. पेन्सिल जरा हलकी धर, कागद जुना आहे."

तिनं यादी ओढली आणि प्रश्नचिन्ह खोडू लागली. गुरुनाथांनी तिचा हात थांबवला.

"राहू दे. मी टाइप केलेला कागद नीट बघ. खलाशाच्या नावाची जागा कोरी आहे. तारीख पानांच्या क्रमावरून कळली मला. नाव नाही कळलं. ती अक्षरं आता दिसत नाहीत."

अंतरानं कागदावरची कोरी जागा पाहिली.

"वाच ना."

तिनं वही खिडकीच्या उजेडाकडे वळवली. "मायकल... रोश. वय एकोणीस."

गुरुनाथांनी लोकरीची टोपी काढून मांडीवर ठेवली. "हळू वाच," ते म्हणाले, "मी टाइप करतो."