मावशीच्या पत्त्यावर

बँडचा नवा दौरा जाहीर झाला तेव्हा लाँड्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली आणि गावांची नावं पुन्हा एकदा वाचली. वरचं शहर होतं, खालचं शहर होतं; मधलं त्यांचं गाव याही वेळी गाळलेलं. "आम्ही काय यांचं घोडं मारलंय?" ती हातातल्या शर्टालाच म्हणाली.

एरवी तिने दोन शिव्या हासडून बसचं तिकीट काढलं असतं. यंदा प्रश्न ताईचा होता. दोघी बहिणी तरुणपणापासून या बँडसाठी वेड्या, दर दौऱ्याला जोडीने शहरात जायच्या. आता ताईच्या कंबरेने असा काही दावा मांडला होता, की कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी तिच्या जिवावर येई. गाणी गावात आली तरच ती ऐकणार होती. लाँड्रीवालीला याचं फार वाईट वाटे.

तिने सरळ बँडच्या कचेरीत फोन लावला.

"मॅडम, तिकिटं कुठली माणसं घेतात, प्रतीक्षा यादीत कुठली असतात, ते बघून आम्ही गावं ठरवतो," पलीकडची बाई म्हणाली. "तुमच्या गावातून आजवर एकही तिकीट गेलेलं नाही."

"असं कसं? आमची अख्खी टोळी येते की."

"पत्ता कुठला घालता?"

लाँड्रीवालीने फोन ठेवून दिला. पहिल्या दिवशीचं बुकिंग फक्त शहरातल्या रहिवाशांना मिळे, म्हणून तिनेच शक्कल लढवली होती: शहरातल्या मावशीचा पत्ता घालायचा. मग शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने तोच घातला, त्याच्या मेव्हण्याने घातला, सगळ्या टोळीने घातला. बँडच्या लेखी मावशीच्या दोन खोल्यांत चाहत्यांची पलटण राहत होती. मावशी तर डोकं उठतं म्हणून रेडिओसुद्धा लावत नसे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

चष्मेवाल्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढा दौरा मावशीच्या पत्त्यावर उरकू. पुढच्या वेळी खरं बोलू."

"पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत ताईची कंबर गेली," असं म्हणून तिने बुकिंगला स्वतःचा, गावातला पत्ता घातला. व्हायचं तेच झालं. तिची पाळी येईतो जागा संपल्या, आणि तिचं नाव प्रतीक्षा यादीत जाऊन बसलं.

संध्याकाळी दोघी बहिणी चादरीची टोकं धरून घड्या घालत होत्या.

"माझ्यापायी तुझीही जागा गेली," ताई म्हणाली. "आणि एवढं करून ते आलेच नाहीत तर?"

"नाही आले तर नाही. पण इथे आपण राहतो, हे त्यांना कुणी सांगायचं?"

 ताईने आपल्याकडची टोकं बहिणीच्या हातात दिली.

"त्या यादीत माझंही नाव घाल."

"अगं, उद्या जागा निघालीच, तर तुला जाता येणार आहे का?"

"नाही ना. म्हणूनच घाल," ताई म्हणाली. "आणि पत्ता नीट घाल, गल्लीसकट."