डबीतलं पितळ

वस्तऱ्याचं पातं पुन्हा सैल होऊन खाली आलं आणि सासऱ्यांच्या डाव्या अंगठ्याला चाटून गेलं. सुनेने धावत जाऊन वस्तरा काढून घेतला. रक्त फारसं नव्हतं, पण म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. गालावरचा साबण तसाच वाळत चालला होता.

अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला होता आणि जीभही जड झाली होती. त्यांच्या मुलाने बाजारातून प्लॅस्टिकचं रेझर आणून दिलं. सासऱ्यांनी ते खिडकीबाहेर फेकलं नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा. लोकांचे जुने वस्तरे दुरुस्त करण्यात या माणसाचा जन्म गेला होता.

"गाल माझा आहे," ते म्हणाले. "तेवढं तरी मला करू द्या."

मुलाचा नाइलाज होता. पुन्हा रक्त दिसलं तर वस्तरा कुलपात जाईल, असं त्याने निक्षून सांगितलं आणि तो कामावर गेला.

बाहेरच्या खोलीतच सासऱ्यांचं कामाचं टेबल होतं. आता त्यावर सूनच काम करायची. तिने वस्तरा उजेडात धरला. शिंगाची मूठ, पात्याच्या सांध्यात पितळेची खीळ आणि दोन्ही बाजूंना पितळेच्या चिमुकल्या चकत्या. पितळ झिजलं होतं. उजवा हात होता तोवर करंगळीच्या दाबाने ते हा सैलपणा सांभाळून घेत; डाव्या हाताला ते जमेना. खीळ ठोकून घट्ट करून झाली होती, पण पितळ मऊ, पुन्हा ढिलं पडे. स्टीलची खीळ आणि जरा रुंद चकत्या बसवल्या तर पातं उघडू तिथेच थांबलं असतं.

अडचण एकच होती. जुन्या वस्तऱ्याला मूळचं असेल तेच बसवायचं, पितळ तर पितळ, जर्मन सिल्व्हर तर जर्मन सिल्व्हर, हा सासऱ्यांचा दंडक होता. चकचकीत स्टील मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवत. आणि हा तर त्यांचा स्वतःचा वस्तरा, त्यांच्या वस्तादाने दिलेला.

लग्न होऊन आली तेव्हा दिवसभर घर तिला खायला उठायचं. एकदा ती या टेबलाशी येऊन उभी राहिली, तर सासऱ्यांनी काही न विचारता आपलं स्टूल सरकवून तिला जागा करून दिली. पहिल्याच महिन्यात तिने हातोडी जोरात मारली आणि मास्तरांच्या वडिलांच्या वस्तऱ्याची मूठ उभी तडकली. मास्तर म्हणजे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक आणि मुलखाचे चिकित्सक. ते आले तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. सासरे शांतपणे म्हणाले, "माझ्या हातून फुटली." मग मास्तरांची सगळी बोलणी त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतली. घरात त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी शिंगाचा नवा तुकडा तिच्याच हातात ठेवला. माहेरीही तिच्या चुका कुणी अशा पोटात घातल्या नव्हत्या. या माणसासाठी कातड्याचे जोडे केले तरी उपकार फिटायचे नाहीत, असं तिला तेव्हापासून वाटत आलं होतं.

तिने पितळ अलगद काढून डबीत ठेवलं आणि न विचारता स्टील बसवलं. या वेळी हातोडी हलकी पडत होती.

सकाळी सासऱ्यांनी वस्तरा उघडला. पातं उघडलं तिथेच थांबलं. त्यांची नजर स्टीलवर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग ते आरशाकडे वळले. दाढीला पुष्कळ वेळ लागला, एकदोन जागा सुटल्या, पण रक्ताचा थेंब दिसला नाही.

थोड्याच वेळात मास्तर दुरुस्तीला टाकलेला आपला वस्तरा न्यायला आले आणि त्यांचं लक्ष नेमकं टेबलावरच्या वस्तऱ्याकडे गेलं.

"शिंगाच्या मुठीला स्टील? हा अडाणीपणा कुणाचा?"

सून बोलायला पुढे झाली. तेवढ्यात खुर्चीतून जड जिभेने शब्द आला.

"माझा."

मास्तर आपला वस्तरा घेऊन निघून गेले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो," ते म्हणाले. मग हनुवटीवरून हात फिरवला. "बरं केलंस, पोरी. पितळ कुठाय?"

"डबीत ठेवलंय."

"जपून ठेव. माझ्यानंतर परत बसव."

ती हो म्हणाली. त्यांच्या कानाखाली थोडा साबण राहिला होता. तिने पंच्याचं टोक ओलं केलं, आणि त्यांनी मान जराशी तिरकी करून ते तिला पुसू दिलं.