दाराची कडी

आमच्या रिसोडच्या डाळ मिलमधून बायका भराभर काम सोडत होत्या. त्यांनी खूश राहावं म्हणून नवे मॅनेजर अनुप साहेबांनी गाणी लावली, थंड पाण्याची मशीन बसवली, दर शनिवारी जिलेबी वाटली. मी फाटकावरचा चौकीदार. मला वाटे, यांना अजून काय पाहिजे?

एका दुपारी डाळ निवडता निवडता माझी सून राधिका चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलं नाही.

साहेब चिडले. "मशीन काय पूजेला ठेवली?"

तिच्या शेजारी बसणारी भागिरथाबाई उसळली. "पानी पेलं त जावं कुठी, साहेब? संडासच्या दाराले कडी नाई. दार धराले दुसरी उभी राह्यली त मुकादम वरडते. हे पोरगी बी उद्यापासून येनार नाई म्हने."

ते दार माझ्या खुर्चीसमोरच होतं. माझ्याच घरची सून रोज तहानलेली राहत होती.

पेचकस घेऊन साहेबांनी स्वतःच्या केबिनची कडी काढली आणि मला म्हणाले,

"चला, इंद्रभानभाऊ, दार धरा."

दुसऱ्या दिवशी राधिका आली. तिनं आधी कडी आतून लावून पाहिली, मग मशीनवर जाऊन दोन ग्लास पाणी प्याली.