मोजून दहा माणसं

मिल्काबाईंचा नवरा रुबेन याची पहिली बरसी होती. ज्यू रीतीप्रमाणे कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची तर समोर दहा पुरुष हवेत आणि पनवेलच्या त्या दोन खोल्यांत रविवारी चार वाजेपर्यंत जमले होते आठच. बाकीचा गोतावळा केव्हाच इस्रायलला जाऊन बसलेला.

तेवढ्यात तिकडच्याच अश्दोद शहरातून मुलगा ओमेर व्हिडिओ कॉलवर, टीव्हीच्या पडद्यावर उगवला. त्याच्यामागे तेवीस चौकटी, तेवीस तोंडं. एक गाडी चालवत होता, एक चक्क कलिंगड खात होता.

"आई, दोन कमी काय म्हणतेस? आम्ही एवढे आहोत की!"

प्रार्थना चालवणारे सॉलकाका चष्मा पुसत म्हणाले, "चौकटीतली माणसं मोजत नाहीत, बाळा."

"काका, जग कुठे गेलंय! डॉक्टर, बँक, किराणा, इथे सगळं घरबसल्या होतं. आईला हेच सांगतो, तिकडे काय लाइफ आहे?"

मिल्काबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. "मग तिथेच जमव दहा जण आणि म्हण बापासाठी."

ओमेर चाचरला. "इथे रविवारी सुट्टी नसते, कामं असतात गं. आणि बोलावू कोणाला? शेजाऱ्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत मला."

"वा रे वा! ज्यूंच्या देशात तुला दहा ज्यू मिळेनात आणि मला लाइफ शिकवतोस?"

त्यांनी टीव्ही बंद केला आणि नवीन पनवेलच्या, त्यांच्याच समाजातल्या सॅमसनला फोन लावला. तो म्हणाला, "आम्ही बापलेक घरीच आहोत, काकू. लिंक पाठवा ना."

लिंक! रिक्षाने दहा मिनिटांवर राहणारा माणूस! मिल्काबाई पदर खोचून निघाल्या. दार उघडलं तेव्हा बाप एका खोलीत मोबाइलला चिकटलेला, तिशीतला सॅमसन दुसऱ्या.

"चपला घाला."

"काकू, अजून आंघोळ नाही झाली..."

"रुबेनला आता वास येत नाही. चला."

पाचला कद्दिश झाली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मिल्काबाईंनी एवढ्या जोरात 'आमेन' म्हटलं, की सॉलकाकांनी वळून पाहिलं. रडू येईल असं त्यांना सकाळपासून वाटत होतं. पण राग इतका ताजा होता, की रडण्याला वाटच मिळाली नाही.

लोक पांगल्यावर ओमेरचा फोन आला. "झालं? रेकॉर्ड केलंस का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "ऐकायचं असेल तर पुढच्या वर्षी तिकीट काढ."

आणि फोन ठेवून त्या खरकटी ताटं उचलायला लागल्या.