तांदळावरचं नाव

माझं नर्सिंग बेळगावला झालं, नोंदणीही कर्नाटकातच. लग्न होऊन मंचरजवळच्या पेठला आले तेव्हा महाराष्ट्रात काम करायला इथली वेगळी नोंदणी लागणार, हे मला ठाऊक होतं. पण घोडं अडलं भलतीकडंच! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, श्रेया. नवऱ्यानं हौसेनं आधार कार्डावरही तेच करून आणलं. नोंदणी कार्यालयातला माणूस म्हणाला, "मॅडम, कर्नाटकातली वृषाली वेगळी, ही श्रेया वेगळी. दोन्हीकडं एकच नाव करून आणा."

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मंग तिकडचं बदल की. त्यात काय एवढं?"

"तिकडचं नाय बदलायची. त्या नावानं शिकले, त्या नावानं लोकांची बाळंतपणं केली. उद्या मंचरला जाऊन आधारच परत वृषाली करते."

नवरा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. सासूबाई भडकल्या, "आन् आमी एवढ्या पावण्यांसमोर ठेवलेलं नाव?"

"आई, ते ज्या तांदळावर लिहिलं व्हतं, त्याचा भात तुमीच दुसऱ्या दिवशी शिजवला. सगळ्यांनी खाल्ला. तवा कुणाला नावाची आठवण झाली न्हाई."