शोधात नसलेला

सकाळी सव्वाअकरा वाजता सरकारी रोजगार-सर्वेक्षणवाली बाई दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आली. म्हातारी मशीनवर कुणाचीतरी पँट आखूड करत होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

“घरात कोण कोण असतं, मावशी?”

“मी आणि मुलगा. सून माहेरी गेलीय.” तिने दोरा दातांनी तोडला. “येईल.”

घरातल्या एकाने सगळ्यांची उत्तरं दिली तरी चालतं, असा नियम होता. बाईने टॅब उघडला.

“गेल्या आठवड्यात तुम्ही काही काम केलंत?”

“माझं कसलं काम. लोकांच्या पँटी कापते.”

“तासभर केलं तरी काम धरतात.”

“धर मग. सत्तरीत नोकरी लागली म्हणायची.”

दोघी हसल्या. मग मुलाची पाळी आली. तो वेल्डर. कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती.

“गेल्या महिन्याभरात काम शोधलं त्यांनी?”

“शोधतो की. रोज वणवण चाललीय.”

“आई,” आतून आवाज आला, “मी कुठंही जात नाही. सांग त्यांना.”

“तू पड गुपचूप.” म्हातारी पुढे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, “सून म्हणते, हातपाय हलवू दे, मग येते. तू बेकार लिही. बेकार म्हणजे शोधतोय, असंच ना?”

“आमचं लिहिलेलं कुणाला दाखवत नाहीत, मावशी.”

“नको दाखवू. पण कुठंतरी तसं लिहिलेलं असू दे.”

बाईने दाराकडे पाहिलं. “दादा, ओळखीच्या कुणाला विचारलंत तरी चालतं. एखादा फोन?”

तो आतूनच बोलला.

“विचारलं असतं तर सांगितलं असतं, ताई. पुष्कळ विचारून झालं. आता नाही विचारत.”

काम नाही आणि शोधही नाही, तर माणसाला बेकारांत मोजत नाहीत.

“मग हा कशात?” म्हातारीने विचारलं.

“कामवाल्यांत नाही, बेकारांतही नाही.” बाईने तशी नोंद केली.

त्याच आठवड्यात नोंदींच्या तपासणीसाठी ती वरिष्ठांना घेऊन पुन्हा आली. आतली खोली रिकामी होती. म्हातारी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. आदल्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मुलगा बाहेर पडला होता. मोबाइल घरीच होता.

“काम शोधायला गेलाय,” म्हातारी म्हणाली. “आता तरी लिही.”

“तसं सांगून गेले का?” वरिष्ठांनी विचारलं.

“बोलला काहीच नाही.”

तपासणी दुपारी एकला संपली; नोंद तीच राहिली. तोवर तो परतला नव्हता.