निळ्या रंगाखालचा नळ

थोरलीने इंजिनावरची फळी उचलली तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. वडील गेल्यापासून धक्क्याला बांधून पडलेली ही होडी, पण तिचं इंजिन कसं निळंशार, चकचकीत दिसत होतं. तिच्या धाकट्या भावाने होडी विकायला काढली होती. त्याला सगळे चिकण्या म्हणत, कारण भांग जागचा हलला की त्याला चैन पडत नसे. गिऱ्हाईक घरचंच होतं, त्यांचा आतेभाऊ. सुट्टीत बायको आणि दोन पोरींना घेऊन होडीतच राहायचं, असा त्याचा बेत. दुपारी तो सहकुटुंब होडी बघायला येणार होता.

थोरलीने इंजिन चालू केलं आणि खालच्या खोलीत केर काढायला बसली. थोड्या वेळाने डोकं जड झालं. नाकात जळकट, गुळमट वास भरला. ती कशीबशी वर आली आणि काठावरून भडाभडा ओकली.

तोंड धुऊन तिने इंजिन बंद केलं, निवू दिलं, आणि धूर बाहेर नेणारा लोखंडी नळ चाचपला. बोटाखाली रंग मऊ लागला, पिकलेल्या गळवासारखा. दाबल्याबरोबर तो फुटला. आतून तपकिरी, ओला लगदा आला, नासलेल्या पाण्याचा आणि डिझेलचा वास घेऊन. गंजाचे पापुद्रे माशाच्या खवल्यांसारखे बोटांना चिकटले. झटकले तरी जाईनात. थोरलीच्या अंगावर शहारा आला.

तेवढ्यात चिकण्या आला.

"अगं, काय करून ठेवलंस हे? कालच वाळलाय रंग!"

"खाली काय होतं ते बघितलंस का रंगवताना?"

"गंज. वरवरचा. पाण्यातल्या लोखंडावर गंज नाही तर काय साय धरणार?"

"वरवरचा तारेच्या ब्रशने निघतो. घासलास?"

"त्या घाणीत कोण हात घालणार? मला शिसारी येते."

थोरलीने त्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट नळावर दाबलं. बोट पेरभर आत गेलं. चिकण्याने हात ओढून घेतला आणि आधी पँटीला पुसला, मग पँटीकडे बघून चेहरा वाकडा केला.

"इथून धूर आत येतो," ती म्हणाली. "मी आत्ता ओकून आलेय. त्या पोरी आत झोपलेल्या असल्या तर ओकायलाही उठायच्या नाहीत."

चिकण्याने नळाकडे पाहिलं. आता त्याला लाज वाटेल, असं तिला वाटलं. पण तो म्हणाला, "मग सांगू त्याला, खिडक्या उघड्या ठेव म्हणून. कारण कशाला सांगायचं?"

लहानपणी याचं नाक तिने पदराने पुसलं होतं. आज मात्र तो जवळ उभा राहिलेला तिला सोसवेना. तिने पाना उचलला, नळ सोडवला आणि वर आणून उजेडात ठेवला.

आतेभाऊ आला. पोरींनी नळ बघून "ईऽऽ" करत नाकं दाबली. थोरलीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. आतेभावाने चिकण्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"भोक दिसलं होतं," चिकण्या खाली बघत म्हणाला. "रंगाने बुजेल असं वाटलं."

आतेभावाच्या बायकोने पोरींचे हात धरले आणि ती धक्क्यावर उतरली. आतेभाऊही मागोमाग गेला. त्याने पुढे दोघांशीही बोलणं टाकलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणतात ते खोटं नाही.

थोरलीने तारेचा ब्रश चिकण्याच्या पुढ्यात टाकला. तो नाक मुरडत, थुंकत घासत बसला. इंजिनावरचा बाकीचा गंज खरंच वरवरचा होता. खाली करडं, धड लोखंड निघालं. म्हणजे थोडं हात घाण करायचं काम होतं, एवढंच. ते कळल्यावर तर थोरलीला जास्तच चीड आली.

नवा नळ बसवून, सगळं उघडं करून दाखवून, पुढे होडी एका परक्या कोळ्याला विकली. बहीणभावाचं येणंजाणं आहे, हसणंबोलणंही आहे. पण चिकण्या भाच्यांना गाडीतून फिरवून आणतो म्हणाला, की थोरली हातातलं काम टाकून खाली जाते आणि चारही चाकं स्वतः बघून येते.